पायांची ओळखपरेड

धुरपताबाईची लेक गुन्ह्यामागच्या मनाचं शिक्षण घेते, ही गोष्ट चुडाव्याच्या टेसनापासून गावच्या वेशीपर्यंत कुणाला माहीत नव्हती असं नव्हतं. धुरपताबाईनं कुणाला माहीत नसू दिलंच नव्हतं. हापशावर घागर लावली की तिथं तेच, कापूस वेचताना सरीत वाकली की तिथंही तेच.

"आमची दैवशाला औरंगाबादला यम्ये करायलीय. सायकॉलॉजी. पार कोर्टाच्या कामाची."

शेजारची सरजाबाई मुद्दाम कान पुढं करायची. "म्हंजे वेड्याची डाक्टरीण व्हय वं?"

"वेड्याची न्हवं, चोराची. तुमच्या घरच्यांनी जरा जपून ऱ्हावं."

बोलायला धुरपताबाई कुणाला ऐकायची नाही. शाळेत ती पाटी फुटेपर्यंत गेली होती. पाटी फुटली, बापानं दुसरी आणली नाही, तिथं विद्या संपली. पण लेकीच्या विषयातलं तिनं चुलीपुढं बसून बरंच काढून घेतलं होतं. दैवशाला भाकरी थापता थापता सांगायची, "माय, चोरी झाली, खून झाला, की पोलीस अन् वकील कुणाच्या भरवशावर चालतात? बघणाऱ्याच्या. साक्षीदार म्हणतो, मी ह्या डोळ्यांनी बघितलं. पण माणूस बघतो ते अन् मागून आठवतो ते, एकच असतं का? माझा अभ्यास त्याचा आहे."

"माझं एकच आसतं," धुरपताबाई म्हणायची. "मी एकदा बघितलं की कोरलं."

दैवशाला हसायची आणि भाकरी उलटायची.

पण त्या वर्षी दिवाळीला लेक घरी आली ती हसत नव्हती. यम्येच्या शेवटच्या वर्षाला एक लघुप्रबंध लिहायचा असतो. दैवशालानं विषय घेतला होता, खेड्यातल्या बाया साक्षीदार म्हणून कशा. गावातल्या बायांना तिनं चोरीची चित्रं दाखवली होती आणि मग प्रश्न विचारले होते. म्हाताऱ्या भरभरून बोलल्या. तरण्या सुनांनी मात्र पदराआडून एकच उत्तर दिलं, "आमाला काय म्हाईत?" निम्मे कागद कोरे गेले. औरंगाबादचे सर माणूस चांगले, पण म्हणाले, "दैवशाला, विषय मोलाचा आहे. पण या सुना बोलतच नसतील तर तू निष्कर्ष कशावर काढणार? कॉलेजच्या मुलांवर कर हेच काम. पुढच्या वर्षी दे."

पुढचं वर्ष मिळणार नव्हतं. दैवशालाचे वडील दिनकरराव कमी बोलणारे, पण बोलले की खुंटा रोवल्यासारखं. ते म्हणाले, "यंदा पुस्तक पुरं झालं तर पुढं हवं तेवढं शिक, मी आडवा येणार न्हाई. न्हाई झालं तर वैशाखात अक्षता. पोरीचं वय माझ्यासाठी थांबत न्हाई."

धुरपताबाई साऱ्या गावाला सांगून बसली होती. आता पोर अर्ध्यातून परत आली तर सरजाबाई हापशावर घागर ठेवून काय काय विचारेल, ते तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. पण त्याहून जास्त तिला लेकीचं तोंड बघवत नव्हतं.

"बाया बोलत न्हाईत म्हणे!" ती कडाडली. "तुझ्या सरला म्हणावं, आमच्या गावात या आन बाया गप कशा करायच्या त्येवढं शिकवा. आगं, चितरं काय दाखवती त्यास्नी? संक्रांतीचं हळदीकुकू करते मी. साऱ्या बाया आंगणात आणून बसवते. मग इचार काय इचारायचं त्ये."

दैवशालाच्या डोळ्यात काहीतरी चमकलं, ते धुरपताबाईला दिसलं पण कळलं नाही.

"साऱ्या म्हणजे साऱ्या, माय. वेशीपलीकडच्या आळीतल्यासुद्धा."

धुरपताबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिच्या अंगणात त्या आळीची बाई हळदीकुंकवाला कधी बसली नव्हती. बोलावलंच नव्हतं.

"त्येंच्याबिगर अभ्यास व्हत न्हाई का?"

"न्हाई व्हत."

"मग बोलावते. त्यात इचारायचं काय?" असं म्हणून तिनं सूप इतक्या जोरात पाखडलं की दाणे चुलीत गेले.

त्या संक्रांतीला गावात हवाच वेगळी होती. रेडिओवर बातमी आली होती की विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. दैवशाला शाळेत जायची तेव्हापासून त्या नावासाठी भांडणं, मोर्चे, जाळपोळ चालली होती. आता वेशीपलीकडं फटाके वाजले, आणि अलीकडं काही घरांनी दारं लावून घेतली. अशा दिवसांत धुरपताबाई डोईवर पदर घेऊन, हातात कुंकवाचा करंडा धरून, भर दुपारी वेस ओलांडून गेली. अख्खा गाव बघत राहिला. तिनं चांगुणाबाईच्या दारात उभं राहून सांगितलं, "परवा दुपारी हळदीकुकू हाय. साऱ्या जणी या. तुमी न्हाई आल्या तर माझी पोर नापास व्हती."

चांगुणाबाई वयानं तिच्याच जोडीची. तिचा मुलगा सुग्रीव आणि सून दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जायची, ती उन्हाळा लागला की यायची. चांगुणाबाई नातवंडं सांभाळत मागं राहायची. ती म्हणाली, "पोर नापास व्हती म्हणून बोलावलं व्हय? मग येतो बाई. आमच्यामुळं कुणाचं शिक्षण नको अडायला."

त्या बोलण्यात बोच होती. धुरपताबाईला लागली, आणि ती करंडा पदराआड घेऊन माघारी फिरली.

हळदीकुंकवाला अंगण भरलं. म्हाताऱ्या ओट्याला टेकून, तरण्या सुना भिंतीकडं. मधे जाजम अंथरलेलं, त्यावर तिळगुळाचा मोठा पितळी डबा. धुरपताबाईची सून पारू एकेकीला कुंकू लावत होती. दैवशाला सगळ्यांत बसली होती. आज कागदही नाही, प्रश्नही नाही. धुरपताबाईला वाटलं, पोरगी लाजली की काय.

तेवढ्यात दारातून एक माणूस आत आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, खाली धोतर. "मालक हायेत का?" म्हणाला. कुणी उत्तर द्यायच्या आत म्हणाला, "मग ह्ये घेऊन जातो," आणि तिळगुळाचा डबा उचलून झपझप चालता झाला.

अंगणात एकच कालवा झाला.

"आगं धरा! डबा न्हेला! माझ्या आईचा डबा!" धुरपताबाई दारापर्यंत धावली. रस्ता मोकळा. ती मागं फिरली, आणि छातीवर हात मारून म्हणाली, "वळखला मी त्याला. सुग्रीव! दुसरं कोण?"

"सुग्रीवच," सरजाबाई म्हणाली. त्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं. "त्योच पटका. त्येच घोंगडं. सणाला आला आसल कारखान्यावरून."

"मिशाबी त्याच," तिसरीनं जोडलं.

भिंतीजवळ बसलेली चांगुणाबाई उठून उभी राहिली. तिच्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. "माझं लेकरू कारखान्यावर हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण भिंतीपासून ओट्यापर्यंत ऐकू गेला. "मागंबी हिरीवरल्या इंजिनाचा पट्टा गेला तवा त्याचंच नाव घेतलं व्हतं. मग पट्टा कुठं घावला? ज्याचा त्याच्याच कडब्यात."

दैवशाला झटकन पुढं झाली. तिचा चेहरा उतरला होता. असं होईल हे तिनं धरलं नव्हतं. तिनं चांगुणाबाईचा हात धरला आणि तिला आत नेलं. "पहिली साक्ष मावशीची," एवढंच बोलली. दार लागलं. थोड्या वेळानं चांगुणाबाई बाहेर आली, आपल्या जागी बसली, आणि हातातला तिळगूळ सावकाश खायला लागली. धुरपताबाई बघतच राहिली. 'लेकानं डबा पळवला, आन ही बया लाडू कुरतडायलीय!'

मग दैवशालानं एकेकीला आत बोलावलं. धुरपताबाईनं तर बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. सुग्रीव. काळा. झुपकेदार मिशा. गालावर वण.

"माय, नक्की?"

"नक्की म्हंजे? देवाच्या डोईवर हात ठिवून सांगते."

सरजाबाईनं वणाच्या जोडीला कानातली बाळीही दिली. म्हाताऱ्यांपैकी कुणाचाच हात आखडता नव्हता. आणि मग तरण्या सुना. पहिली म्हणाली, "तोंड न्हाई बघितलं." दुसरीही तेच. तिसरीही तेच. परका माणूस अंगणात आला की सासुरवाशिणीचा पदर नाकापर्यंत खाली येतो आणि नजर भुईला जाते. ही गावची रीतच. दैवशालाचे कागद पुन्हा कोरे राहायला लागले. तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पारू चहा घेऊन आत आली, तिनं हे बघितलं. धुरपताबाई दाराच्या फटीशी कान लावून होती, तिनं ऐकलं.

"वन्सं," पारू म्हणाली, "तुमी मघापासून तोंडाचंच कामून इचारायलाव? आमी तोंड कवा बघतो? पायाचं इचारा की."

"पायाचं?"

"मला काय दिसलं सांगू? गोरे पाय. घोट्याच्या वर वळ, मोज्याच्या रबराचा आसतो तसा. टाचंला भेग न्हाई. डाव्या आंगठ्याचं नख काळं. कोयतावाल्याचे पाय आसे आसतेत का? त्यो दरोज बूट घालणारा माणूस हाय. चालतोय बी कसा, आनवाणी पाय खड्याला भिऊन टाकत व्हता."

मग दैवशाला एवढ्या मोठ्यानं हसली की अंगणातल्या बाया दचकल्या. ती उठली आणि पारूला मिठी मारली. चहा सांडला.

"जाजम काढा," दैवशाला बाहेर येऊन म्हणाली. "शेतावरून बाप्ये बोलवा. परेड घ्यायची."

ओसरीच्या दोन खांबांना जाजम बांधलं, भुईपासून गुडघ्याएवढी जागा सोडून. मागं बाप्ये अनवाणी उभे केले. दैवशालानं कुणाकुणाला उभं केलं ते बायांना दिसलं नाही. सुना एकेक करून पुढं आल्या, खाली बघितलं आणि बोट दाखवलं. सगळ्यांचं बोट एकाच जोडीवर. गोरे पाय, काळं नख. पण त्या तिथंच थांबल्या नाहीत. तोंडांना असा पाझर फुटला की दैवशालाला लिहून उरकेना.

"ह्ये पलीकडच्या मुंजाजी भावजींचे. करंगळी वाकडी हाय."

"ह्ये आमच्या मामंजींचे," पारू म्हणाली आणि लगेच पदर आणखी खाली ओढला. "ह्येंची टाच आधी घासती, मग पाय उचलतेत. पहाटं आवाजावरून कळतंय मला, गोठ्यात कोण चाललंय त्ये."

जाजमामागून खोकल्याचा आवाज आला. दिनकरराव होते. सून घरात आल्यापासून आपल्या पायांकडं कुणी एवढं नीट बघतंय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता म्हाताऱ्या. धुरपताबाई पदर खोचून पुढं आली. फटीतून ऐकलेलं पारूचं बोलणं तिनं कानामागं टाकलं होतं. वाकली, बघितलं, आणि जराही न डगमगता बोट ठेवलं. "ह्यो सुग्रीव. ह्या भेगा बगा. ह्यो ऊसतोड्याचाच पाय."

जाजमामागून दिनकररावांचा आवाज आला, "आगं, ह्यो माझा पाय हाय."

अंगणात हसू फुटलं. सुना पदर तोंडात कोंबून हसल्या. सरजाबाई तर भुईवर बसली. चांगुणाबाईच्या डोळ्याला पाणी आलं, हसण्यानं. धुरपताबाई लाल झाली. सासू गेली तेव्हा तिनं पदर वर केला तो केला, तेव्हापासून ती साऱ्या जगाच्या डोळ्याला डोळा लावून बोलत होती. पायांकडं बघायचं तिनं सोडून दिलं होतं, नवऱ्याच्यासुद्धा.

मग जाजम खाली आलं. गोऱ्या पायांवरचं तोंड कुणाच्याही ओळखीचं नव्हतं. मिशी पेन्सिलीच्या रेघेएवढी, गालावर वण नाही, कानात बाळी नाही. दैवशालाच्या वर्गातला रामकिशन, सेलूचा, बाप कापसाच्या बाजारात. त्यानं तिळगुळाचा डबा दोन्ही हातांनी पुढं केला. "मावशी, माफ करा. चोरी ठरवून केली. तुमच्या मुलीनं करायला लावली."

"मला न्हाई सांगितलंस?" धुरपताबाई लेकीवर धावली. "सख्ख्या मायला?"

"तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत टेसनमास्तरला माहीत झालं असतं."

"आन हिला सांगितलं?" तिनं चांगुणाबाईकडं हात केला.

"मावशीला सांगणं भाग होतं. मावशीच्या लेकावर आळ आला होता."

अंगणातलं हसू हळूहळू विरलं. सुग्रीव शेकडो कोस लांब उसाच्या फडात होता, आणि आपण देवाची शपथ घेऊन त्याच्या गालावरचा वणसुद्धा बघितला होता. तो वण धुरपताबाईला अजूनही दिसत होता. तीच गोष्ट तिला भिववून गेली.

"माय," दैवशाला हळू म्हणाली, "मला हे लिहावं लागंल. सगळ्यांत ठाम साक्षीदार सगळ्यांत जास्त चुकली. नाव नाही लिहीत. पण तू नको म्हणलीस तर तुझी साक्ष काढून टाकते."

काढून टाकली तर प्रबंधाचा कणाच जायचा, हे धुरपताबाईला कळलं. लिहिली तर तिचं हसं चुडाव्याच्या टेसनापर्यंत जायचं, हेही कळलं. तिनं डबा घेतला, झाकण काढलं, आणि सरळ चांगुणाबाईपुढं जाऊन बसली. पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला.

"तुझ्या सुग्रीवाचं नाव मी घेतलं. साऱ्यांदेखत घेतलं, म्हणून साऱ्यांदेखत सांगते. त्यो न्हवता. माझे डोळे खोटं बोलले."

चांगुणाबाईनं लाडूचा तुकडा मोडून धुरपताबाईच्या तोंडात घातला. "गोड बोल आता. मघाशी आत हसू दाबून दाबून माझी बरगडी दुखायलीय."

धुरपताबाईनं तुकडा गिळला आणि लेकीकडं वळली. "लिही. माझी साक्ष पयली लिही. चुकले तर चुकले, पण मागं न्हाई बसणार."

दैवशाला रात्रंदिवस लिहीत बसली. औरंगाबादला सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं की सुना बोलत नाहीत. आपणच चुकीचं विचारत होतो." दैवशालानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा धुरपताबाईनं सरांचे मागचे सगळे गुन्हे माफ केले.

तोंडी परीक्षेला धुरपताबाई स्वतः गेली. पारूलाही संगं घेतली. "अभ्यास हिच्या पायावर हुबा हाय," असं दिनकररावांना ठणकावून सांगितलं, आणि दिनकररावांनी मुकाट्यानं दोघींची तिकिटं काढली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. दैवशाला आत गेली. दार लागलं. धुरपताबाई बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. आतून आधी एकच आवाज येत होता, परीक्षकांचा. मग दैवशालाचा यायला लागला. मग बराच वेळ तिचाच येत राहिला, आणि मग दोघातिघांचं हसणं.

शिपाई बाहेर आला. "पहिल्या साक्षीदार कोण?"

"मी," धुरपताबाई म्हणाली, आणि आत गेली.

परीक्षक पिकल्या केसांचे. त्यांनी उठून नमस्कार केला. "बाई, ह्या प्रबंधात सगळ्यात मोठी चूक तुमची आहे. मुलीनं ती अशी मांडली, राग नाही आला?"

"आला की. भरपूर आला. पण सायेब, जिनं सख्ख्या मायला सोडलं न्हाई, ती खोट्या साक्षीदाराला काय सोडती व्हय? आसंच माणूस तुमाला कोर्टात पायजे आसल ना?"

परीक्षकांनी सरांकडं बघितलं, सरांनी दैवशालाकडं. "अजून काय विचारू?" परीक्षक म्हणाले. "जिथं पदर आहे तिथं ओळखपरेड कशी घ्यावी, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. या मुलीनं सांगितलं. हिनं पुढं शिकलंच पाहिजे."

उन्हाळ्यात निकाल लागला. दैवशाला विषयात पहिली. गुणपत्रिका घेऊन ती चुडाव्याच्या टेसनावर उतरली तेव्हा न्यायला दिनकरराव बैलगाडी घेऊन उभे होते, गाडीत धुरपताबाईही होती. बैलांना झुली घातल्या होत्या, पोळा नसताना. दिनकररावांनी लेकीची पिशवी गाडीत ठेवली आणि म्हणाले, "पीएच्डीला कंचे कागद लागतेत, त्ये वाटंनं सांग."

गाडी घरी गेली नाही. धुरपताबाईनं ती आधी वेशीपलीकडं नेली. सुग्रीव कारखान्यावरून परतला होता, दारात कोयत्याला धार लावत होता. धुरपताबाई उतरली, आणि आधी त्याचे पाय नीट बघितले. मग तोंड बघितलं. गालावर वण नव्हता. मिशाही झुपकेदार नव्हत्या. इतकी वर्षं एका गावात राहून तिनं त्याला कधी धड बघितलंच नव्हतं.

"आई हाय का घरात?"

चांगुणाबाई बाहेर आली. दैवशालानं गुणपत्रिका तिच्या हातात दिली. चांगुणाबाईला वाचता येत नव्हतं, पण वरच्या ओळीतलं एक नाव तिला पाठ होतं. सुग्रीवनं बोट ठेवून दाखवलं, आणि तिनं कागद कपाळाला लावला.

"आमच्या बाबासाहेबांच्या नावाचा कागद," ती म्हणाली, "आन त्याच्यात तुमची पोर पयली."

"आपली पोर," धुरपताबाई म्हणाली. "साक्ष तू बी दिलीस."

संध्याकाळी हापशावर सरजाबाई वाट बघतच होती. "मग आता तरी लगीन करता का न्हाई वं लेकीचं? का अजून चोर धरायचे ऱ्हायलेत?"

"करीन की," धुरपताबाईनं घागर डोक्यावर घेतली. "स्थळ आलं तर येऊ द्या. आधी जाजमामागं आनवाणी हुबं ऱ्हावं म्हणावं. आमची पारू बगल आन पास करल. मग आमी तोंड बगू."